नववी ओळ

"लंडनच्या सिदराचा स्कार्फ पुरा कर, मग तुझ्या नोकरीचं अदीबच्या कानावर घालते," असं सासूने, म्हणजे अम्मींनी, कुबराला रमजानात सांगितलं होतं. सिदरा ही नणंद, अदीब नवरा. आता बकरी ईदही उलटली. अम्मींच्या जुन्या मासिकातला जाळीचा नमुना बघून ती विणायची. वीतभर झालं की स्कार्फ रुंद होत जायचा आणि अम्मी म्हणायच्या, "लक्ष कुठे असतं गं तुझं? उसव."

नोकरीसाठी न्हावा शेव्याच्या ऑफिसातून दुसऱ्यांदा फोन आला, तेव्हा तिने आलेखाची वही घेतली आणि एकेक ओळ चौकटींत उतरवली. जाळीच्या भोकाला, म्हणजे एक टाका वाढतो तिथे गोल, दोन टाके एकत्र करायचे तिथे फुली. दोन्ही सारखे हवेत, नाहीतर टाके वाढणारच. नवव्या ओळीत गोल पाच निघाले, फुल्या चारच.

"अम्मी, चूक माझी नव्हतीच! छापणाऱ्याची आहे!"



छापलेल्या ओळीपाशी कागद घासलेला वाटला म्हणून कुबराने मासिक खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. नवव्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहून पुसलेलं अम्मींचं अक्षर पुसटसं दिसत होतं: 'इथे दोन टाके एकत्र.' पानांच्या बेचक्यात रबराचा कीस अजून अडकलेला होता.