जारचं पाणी

औशातल्या त्या गल्लीत नळाला इतकं जड पाणी यायचं की बादल्यांवर पांढरे थर चढायचे आणि साबण कितीही घासा, फेसाचं नाव नाही. तनुजाच्या सासूबाई, केवळाबाई, न्हायच्या दिवशी हटकून म्हणायच्या, "केसाच्या पार दोऱ्या झाल्या बघ. फणी लई ओढती. एक डाव विकतच्या जारच्या पाण्यानं न्हाऊ घाल की गं."

"जारचं पाणी प्यायला असतंय, आत्याबाई," म्हणत तनुजा नळाचीच बादली पुढं सरकवायची.

आज केवळाबाईंना अंगणात शेवटची अंघोळ घालायची होती. शेजारच्या कावेरीबाईंनी नळाचं पाणी तापवून आणलं. तनुजानं ते बाजूला सारलं, घरातला भरला जार उचलून आणला आणि सासूच्या डोक्यावर रिता करू लागली.

"येडी का खुळी तू? जारचं पाणी प्यायला असतंय!" कावेरीबाई म्हणाल्या.

तनुजा ओततच राहिली. साबण लावताच पांढऱ्या केसांत फेस मावेना. ते धुऊन तिनं फणी घातली. फणी कुठंच न अडता खालपर्यंत उतरली, तरी सवयीनं तिच्या तोंडून निघालंच,

"ओढलं का ओ, आत्याबाई?"