उन्हातला काटा

“अहो, काटा चढला! चाळिसावर होता, पंचेचाळिसावर आला!” प्रमिला ओसरीतून ओरडली.

पहाटे चिखलदऱ्याच्या कडाक्याच्या थंडीत ऑक्सिजनचा सिलिंडर बर्फासारखा गार पडला होता. त्यावरचा दाबाचा काटा चाळिसावर उतरलेला तिनं पाहिला. घाट बंद होता, नवा सिलिंडर उद्याशिवाय वर येणार नव्हता. मग तिनं एकटीनंच, नळी सांभाळत, ते धूड ढकलत ढकलत ओसरीतल्या उन्हात नेलं. गोठलेला ऑक्सिजन उन्हानं मोकळा होईल, असं तिला वाटलं होतं.

नाकात नळी घेऊन दाराशी खाटेवर पडलेले भोजने सर काट्याकडे बघत राहिले. एकतीस वर्षं त्यांनी पोरांकडून हेच घोकून घेतलं होतं. टाकी तीच, वायू तेवढाच. तापला की नुसता दाब वाढतो, गार झाला की उतरतो, वायू कणभरही वाढत नाही. चुकेल त्याला ते बाकावर उभं करत. आतला वायू रात्रीपर्यंतसुद्धा पुरणार नाही, हा हिशेब त्यांनी केव्हाच केला होता.

“पुरेल ना हो उद्यापर्यंत?”

“पुरेल की,” सर धापा टाकत म्हणाले. “बरं सुचलं तुला.”

चार दिवसांत पहिल्यांदा ती हसली. तिथंच सिलिंडरला टेकून बसली.

तासाभरात ऊन ओसरीतून सरकायला लागलं. खांबाची सावली सिलिंडरपासून चार बोटांवर आली, तेव्हा सरांनी हाक मारली, “प्रमिला, जरा चहा टाक गं. आलं घालून. सावकाश उकळू दे.”