कापसाचं छत

नाटकाच्या तालमीत राजा मेला. राणी त्याच्याकडे बघत पुतळ्यासारखी उभी राहिली, आणि तेवढ्यात वरून काठी आपटली. धाड धाड धाड.

दारात घरमालक उभा होता. त्याने छताकडे बोट केलं. “ऐकलंत? वरची म्हातारी हैराण झालीये. रविवारपासून ही काठी पुन्हा वाजली, तर खोलीला कुलूप.”

गादीवाला मान खाली घालून ऐकत होता. खोली त्याने भाड्याने घेतलेली, कापूस ठेवायची. तो कापूस त्याने दुकानात कोंबला, जळमटं काढली आणि खोली वस्तीतल्या पोरापोरींना देऊन टाकली. तोवर त्यांना बसायला एकच जागा होती, कोपऱ्यावरच्या बंद दुकानाची पायरी. तिथे बसणाऱ्यांना टोळीवाले हेरत. आधी चहा पाजत, मग कामं सांगत. इथे कुलूप लागलं की पोरं परत त्याच पायरीवर जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हातारीचं गणित मात्र कुणालाच सुटत नव्हतं. पोरं आवाज कमी करत, तर ती आणखी जोरात आपटे. पोरं कुजबुजीवर येत, तर छताचे पोपडे पडत. राणीचं काम करणारी पोरगी तिचीच नात. पण तीही म्हणे, “घरी विषय काढला, तर माझंच येणं बंद व्हायचं.” बाकी कुणी विचारायला जावं, तर म्हातारीच्या तोंडी लागणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणीच पुढे होईना.

शेवटी गादीवाल्याने आपली विद्या बाहेर काढली. जुन्या गाद्या उसवल्या, कापूस पिंजला, जाड खोळींत ठासून भरला आणि हातभर सुईने टाके घातले. पोरांनी शिडी धरली, पट्ट्या ठोकल्या. रविवारी दिवेलागणीला अख्खं छत झाकून झालं. मग राजा मनसोक्त मेला, राणीने हंबरडा फोडला. वरून हूं नाही की चूं नाही. गादीवाल्याची छाती त्याच्या गादीसारखीच फुगली.

तोच दार उघडलं. गुडघ्यांपायी कधी जिना न उतरणारी म्हातारी काठी टेकत आत आली. मागे मालक, हातात कुलूप घेऊन.

“काय मावशी, आता येतो का आवाज?” गादीवाल्याने ऐटीत विचारलं.

“नाही येत.”

“मग?”

“मग काय मग! काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ.”

मालक गोंधळला. “अहो आजी, आवाज नको म्हणून तुम्हीच तर रोज काठी आपटता.”

“आवाज नको, असं कोण म्हणालं तुला? मला विचारलंस?” म्हातारी त्याच्यावर उखडली. मग तिने नातीकडे काठी रोखली. “ही बोलत असते तोवर मी निवांत असते. इथेच आहे ना, पायरीवर नाही ना, हे वर बसून कळतं. मध्येच आवाज थांबला की जीव उडतो माझा. म्हणून आपटते. आणि तुम्ही मेले आणखीनच गप्प होता! आज आपटून आपटून हात भरून आले, तर खालून सगळं सामसूम.” तिला धाप लागली. “हिच्या भावाच्या वेळी घर असंच शांत शांत झालं होतं.”

त्या भावाला पोलिसांनी पायरीवरूनच उचलून नेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नातीने आजीचा हात धरला, तिला जिना चढवून वर सोडलं आणि ती परत खाली आली. गादीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कापूस डोळ्यांत गेला म्हणत तो शिडीवर चढला आणि स्वतःच घातलेले टाके कात्रीने कापू लागला.

अर्धं छत उघडं झालं असेल, तोच वरून काठी वाजली. सवयीने सगळे चिडीचूप झाले आणि मालकाच्या तोंडाकडे बघू लागले.

मालकाने कुलूप खिशात टाकलं. “अरे, बघताय काय? आजी हाक मारतायत. ओ द्या की!”