मानाची खुर्ची

त्र्याऐंशी साली रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सुनेत्राकाकूंना सांगितलं, "वयानं गुडघा झिजलाय, आतली गादीही फाटलीय. यापुढे उकिडवं बसायचं नाही." पण मागीलदारच्या संडासात उकिडवं बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. उठता येत नसे म्हणून दार उघडंच ठेवून नवऱ्याला, बापूमास्तरांना हाक मारावी लागे. लाजेपायी काकूंनी पाणी पिणंच कमी केलं. मास्तरांच्या ते ध्यानात आलं. एका सकाळी त्यांनी शाळेनं निवृत्तीच्या समारंभात दिलेली सागवानी खुर्ची अंगणात आणून बैठकीवर करवत चालवली. काकू कळवळल्या, "अहो, मानाची खुर्ची ती! हे काय आरंभलंत?" "मान काय मला एकट्यालाच असतो गो?" मास्तर म्हणाले. भोक पाडून, कडा घासून त्यांनी खुर्ची संडासात बसवली. "मी विहिरीवर आहे," म्हणत ते लांब गेले. काकूंनी दार लोटलं आणि कितीतरी महिन्यांनी आतून कडी लावली.