अकरा मिनिटांचं दप्तर

"प्रतिकूल," तरुण हिशेबनीस म्हणाला, आणि शिलाई हॉलमधल्या मशिनी एकेक करून थांबल्या.

शब्द कुणाला नवा नव्हता. दर महिन्याला तो यायचा आणि कागद वाचायचा. एवढी दप्तरं शिवायला इतके तास लागायला हवे होते, प्रत्यक्षात लागले जास्त. वरच्या तासांना मजुरीच्या दरानं गुणलं की झालं कारखान्याचं नुकसान. बायका मान डोलवायच्या आणि पुन्हा मशीनला पाय लावायच्या. या वेळी मात्र तो कागद हातात धरून तसाच उभा राहिला.

"ज्यांची तफावत सगळ्यात मोठी, त्यांना सोमवारपासून पॅकिंगला बसवायचं, असं मालक म्हणालेत." खिडकीजवळच्या मशीनकडे बघून त्यानं मान खाली घातली. "म्हणजे... तुम्ही."

खिडकीजवळ सूनबाई बसायच्या. पॅकिंगला पगार निम्मा.

पलीकडे तपासणीच्या टेबलाशी त्यांच्या सासूबाई दोरे कापत होत्या. "आमच्या वेळी अकरा मिनिटांत दप्तर व्हायचं," त्या हातातल्या दप्तराला म्हणाल्या. लेकी बोले सुने लागे. इथे लेकीच्या जागी दप्तर, एवढाच फरक.

ती अकरा मिनिटं त्यांचीच. पूर्वी कधीतरी एक घड्याळवाले साहेब आले, सासूबाईंच्या डोक्याशी उभं राहून त्यांनी एका दप्तराची वेळ घेतली, तीच प्रमाण वेळ म्हणून कागदावर चढली, आणि तेव्हापासून अख्खा हॉल आळशी ठरला. बक्षीस मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ घरी गॅसच्या वर टांगलं होतं. लग्न होऊन आल्यापासून सूनबाई त्याच्याखाली चहा करत होत्या आणि रोज उशीर करत होत्या.

"आई, एकदा शिवून दाखवा ना," सूनबाई म्हणाल्या. आवाज रडवेला होता, पण आत खुन्नस होती. "मी कुठे कमी पडते ते कळू तरी दे मला."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला!" सासूबाईंनी चष्मा पुसला, सुनेला उठवलं आणि स्वतः बसल्या.

हात सुरेख होता, त्यात वाद नाही. टीप सरळ, कोपरे चोख. बायका भोवती जमल्या. अकरा मिनिटं झाली तेव्हा झाकण आणि बक्कल अजून बाकी होतं. दप्तर पुरं झालं तेव्हा हिशेबनिसानं घड्याळ बघितलं आणि उगाच खोकला. अठरा. सूनबाईंनाही अठराच लागायची.

"वय झालं मावशी, चालायचंच," तो समजुतीनं म्हणाला.

वाट सोपी होती. वय झालं म्हटलं की अकरा मिनिटं शाबूत, भिंतीवरचं घड्याळ शाबूत, नाक वर. सासूबाईंनी मान हलवायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात त्यांना सूनबाई दिसल्या. मशीनच्या खणातून आपली कात्री काढून त्या पिशवीत टाकत होत्या. सासूबाईंची मान मध्येच थांबली.

"वय नाही हो," त्या म्हणाल्या. "तेव्हाही अठराच लागायची."

"मग ती अकरा?"

"त्या दिवशी घाई होती."

"कसली घाई? मावशी, मालकांना कारण द्यावं लागेल. प्रमाण वेळ अशी उगाच बदलत नाहीत."

सासूबाईंनी हॉलभर नजर फिरवली. ज्यांना ज्यांना आजवर अकरा मिनिटं ऐकवली होती, त्या सगळ्या कान टवकारून उभ्या होत्या.

"सकाळपासून बाथरूमला जायचं होतं!" त्या एकदम कडाडल्या. "दोनदा उठले, दोनदा मुकादमानं बसवलं. तिसऱ्यांदा उठणार, तर ते घड्याळवाले साहेब डोक्याशी हजर. म्हणाले, दप्तर होईपर्यंत जागचं हलायचं नाही. मग करते काय? शिवलं! कसं शिवलं ते देवाला ठाऊक. साहेब शाबास म्हणाले तेव्हा मी हॉलच्या पार त्या टोकाला पोचले होते."

हॉल हसून लोळायचा तेवढा बाकी राहिला. सूनबाईंनी तोंडावर हात दाबला. हसू येतंय की रडू, त्यांचं त्यांना कळेना. इतकी वर्षं त्या एका बाईच्या अडचणीशी शर्यत लावून बसल्या होत्या. हिशेबनिसाचे कान लाल झाले. कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'अपवादात्मक परिस्थिती.'

"पण टीप सरळ होती," सासूबाई म्हणाल्या. "तेही लिहा."

त्यानं तेही लिहिलं.

"आता नवी वेळ घ्यायला हवी," तो म्हणाला. "आजच घेऊ, म्हणजे सोमवारच्या आत पॅकिंगचं मालकांशी बोलता येईल. बसा तुम्ही."

सूनबाई बसल्या. कात्री पिशवीतून परत बाहेर आली. त्यांनी कापड सुईखाली सरकवलं आणि पाय लावला. हिशेबनिसानं घड्याळाच्या बटणावर अंगठा टेकवला.

सासूबाईंनी त्याचा हात धरला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे वळून, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणाल्या, "आधी जाऊन ये, बाई. सावकाश जा. घाई नाही."