पलीकडची बाई

मे सरत आला होता आणि भाटघर धरणाचं पाणी पार खाली गेलं होतं. भोरचे गंगाधरराव आणि नलूताई दर उन्हाळ्याप्रमाणे यंदाही नदीसुरय पक्षी बघायला काठावर आले होते. पक्ष्यांमागे फिरणारी गंगाधररावांची दुर्बीण एकदम थांबली. पलीकडच्या काठावर एक बाई चपला काढून पाण्यात शिरत होती.

"कपडे धुवायला आली असेल," नलूताई म्हणाल्या.

"धुणं नाहीये तिच्याजवळ."

बाई कमरेपर्यंत पाण्यात गेली. दोघंही जिवाच्या आकांताने ओरडले. काठावरचे सगळे पक्षी कलकलाट करत उडाले, तशी बाईने मान वर केली. नलूताईंनी हात उंच करून हलवला. बाई बराच वेळ तशीच बघत राहिली. मग सावकाश मागे फिरली आणि काठावरच्या चिखलात बसली.

"चल, गाडी काढतो. पुलावरून वळसा घालून जायला अर्धा तास तरी लागेल."

"तुम्ही एकटेच जा," हात खाली न घेता नलूताई म्हणाल्या. "मी दिसेनाशी झाले, तर ती पुन्हा उठेल."