या खेपेची सही

पळसदरीला फिरायला येणाऱ्या पाहुण्यांची भाड्यानं ने-आण करायला विलासला गाडी घ्यायची होती. नंदाताई धाकट्या भावाला तीन लाख द्यायला तयार होती, पण एका अटीवर: आधी वकिलाकडं कागद व्हायचा, आणि पैसे फिटेपर्यंत गाडी तिच्या नावावर राहायची.

कर्जतच्या बाजारातून चालताना विलास नुसता धुमसत होता. "सख्ख्या भावाकडून लिहून घेतेस? लोक शेण घालतील तोंडात."

नंदाताईनं काखेतली पिशवी घट्ट धरली, पण चाल कमी केली नाही.

"माझ्यावर भरवसा नाय, असं सरळ सांग ना, ताय!" वकिलाच्या दारात तो ओरडलाच.

वकिलांनी मान वर केली. दोघांना ओळखलं आणि सवयीनं पेन नंदाताईपुढं सरकवलं. पाच वर्षांमागं याच टेबलावर, याच भावासाठी, तिनं बापाच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही केली होती. तेव्हा भरवशाचं नावही कुणी काढलं नव्हतं.

नंदाताईनं पेन उचललं आणि विलासच्या हातात दिलं.

"साहेब, माझी करून झालीय. आज त्याची घ्या."